किल्ल्यांचा जुडगा

प्रयोगशाळेत त्याला सगळे उंदीरमामा म्हणत. एकवीस वर्षं त्याने पिंजऱ्यांतला भुसा बदलला, पाण्याच्या बाटल्या धुतल्या, मेलेले उंदीर शेपटीला धरून उचलले. हाताचा वास साबणाने जात नसे; पुढे पुढे त्याला तो कळेनासाही झाला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा प्रयोग साधा होता. पिवळा दिवा लागला की उंदराने दांडी दाबायची. नळीतून नशेचा थेंब थेट रक्तात. मग दोन महिने सगळं बंद. उंदीर शहाण्यासारखे खात, झोपत. आणि एके दिवशी नुसता दिवा लागला की दांडीवर तुटून पडत. नळी कोरडी, तरी दाबतच राहत.

यंदा मात्र ते दिव्याआधीच धावू लागले. बाईंनी कारण शोधून काढलं.

"मामा, माझ्या दिव्याला इथे कोण विचारतंय? नळ्या जोडायला तुम्ही येता. तुमच्या कमरेचा जुडगा वाजला की यांची धावपळ सुरू."

"म्हणजे मीच दिवा?"

"तुम्हीच. किल्ल्या फडक्यात बांधून येत जा."

तो हसला.

घरी धाकटा भाऊ होता, दारू सोडवण्याच्या केंद्रातून तीन महिन्यांनी परवाच आलेला. पुन्हा प्यायला तर यकृत साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थोरल्याने बाटल्या भंगारात घातल्या, जुन्या दोस्तांना दारातूनच वाटेला लावलं. एकच गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. धाकटा गटारात पडू नये म्हणून सात वर्षं रोज संध्याकाळी साडेसहाला बाटली त्यानेच आणली होती.

त्या संध्याकाळी दारात जुडगा खुळखुळला. आत खुर्ची सरकली. दार उघडलं तर समोर धाकटा, हातात विसळलेला पेला.

"आणलीस, दादा?" म्हणाला, आणि स्वतःच दचकला. "मी... पाणी प्यायला उठलो होतो रे."

"पी ना मग."

दुसऱ्या दिवशी किल्ल्या फडक्यात, चपला हातात. स्वतःच्याच घरात तो चोरासारखा शिरला. धाकटा दाराकडे तोंड करून बसलेला. भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा.

तिसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम तासभर उशीर केला. दार सताड उघडं होतं. खुर्ची रिकामी. पेलाही जागेवर नव्हता.

तो उंबऱ्यावर बसला. फडकं सोडलं आणि रस्त्याकडे हात लांबवून जुडगा वाजवू लागला. निदान या आवाजाला तरी परत येईल. बराच वेळ तो वाजवतच राहिला.