मामांचा फोन वाजेना

सकाळपासून धुकं होतं आणि ते उठायचं नाव घेत नव्हतं. गोदामाच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. दाराशी कोणीतरी टाकलेल्या पुठ्ठ्याचा भिजून लगदा झाला होता. मामांनी तो पायाने बाजूला सारला, शटर अर्धं उचललं, वाकून आत गेले आणि मग आतून ते पूर्ण वर ढकललं. रॉकेलचा डबा, जुन्या बनियनचं फडकं आणि काल आलेल्या रोलरची बादली घेऊन ते स्टुलावर बसले.

लिफ्टचं दार ज्या छोट्या चाकांवर सरकतं, ते हे रोलर. कुठल्या कुठल्या इमारतींतून काढून आणलेले, वंगणाने आणि केसांनी बरबटलेले. लिफ्टच्या दारात माणसांचे इतके केस जातात कसे, हे मामांना अजून कळलेलं नव्हतं. रोलर धुवायचा, फिरवून बघायचा, चालणारा एका डब्यात आणि गेलेला दुसऱ्यात. फोन त्यांनी समोरच्या फळीवर डब्याला टेकवून उभा ठेवला होता. दर दोन-चार रोलरमागे एकदा त्यांची नजर तिकडे जायची आणि काही न घेता परत यायची.

मामा म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीतले सगळ्यात जुने मेकॅनिक. सख्खा भाचा एकही नाही, पण साहेबापासून पाणी भरणाऱ्यापर्यंत सगळे मामाच म्हणत. एकदा दोरखंड आणि चाक यांच्या मधे डावा हात सापडला. बोटं राहिली, पण दोन बोटांतली जाणीव गेली. गरम कळेना, गार कळेना, बारीक स्क्रू हातातून पडला तरी पत्ता लागेना. असल्या हाताने माणसांच्या डोक्यावर काम करणं बरं नव्हे म्हणून कंपनीने त्यांना सामानाच्या गोदामात बसवलं. मामांनी हूं की चूं केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "बरं आहे की. वर चढायला नको."

पण त्या बोटांसारखंच आतही काहीतरी झालं होतं. मुलीचं लग्न झालं, ती लांबच्या गावी गेली, मामा तिला निरोप देऊन आले आणि नेहमीसारखे जेवले. बायको घरी पडदे शिवायची. ती त्या रात्री मशीन थांबवून म्हणाली, "रडलात तरी चालेल हो, मी कुणाला सांगणार नाही." मामा म्हणाले, "मीठ दे जरा."

एक फोन तेवढा होता. तो वाजला की मामा जागे व्हायचे. गावभर पसरलेले मेकॅनिक कुठेतरी काखेत पाना धरून उभे असायचे आणि विचारायचे, "मामा, कापडबाजारातली. दार बसत नाही." मामा डोळे मिटून म्हणायचे, "खालून पायाने किंचित उचल. किंचित. तुझा पाय म्हणजे जॅक आहे, हळू." पलीकडून दार बसल्याचा आवाज यायचा. तेवढा आवाज मामांना दिवसभर पुरायचा.

सगळ्यात जास्त फोन लंबूचे. लंबू म्हणजे उंचीने दाराला लागणारा आणि अकलेने बेताचा, असं तो स्वतःच सांगायचा. तो कधी कधी नुसता विचारायचा, "जेवलात का?" घरी मामी वैतागायची. "तुमचा घास आणि त्याची घंटा, दोघं ठरवून येतात का?"

मग फळा आला. कंपनीने त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचा फळा केला. फोनमध्येच असायचा. दर इमारतीच्या लिफ्टचं एक पान. ज्याला जे माहीत आहे ते त्याने लिहायचं, चुकलं तर दुसऱ्याने सुधारायचं, सगळ्यांनी वाचायचं. शिकवायला हेड ऑफिसातून एक ताई आल्या. जेवणाच्या खोलीत भिंतीवर चित्रं दाखवली, प्रश्न विचारा म्हणाल्या. मागून एक जण म्हणाला, "ताई, पोटातलं सगळं फोनमध्ये ओतलं, मग आमचं पोट कोण भरणार?" सगळे हसले. ताईही हसल्या, पण वहीत काही लिहिलं नाही.

पंधरवडा झाला तरी फळा कोराच. एकाने चाचणी म्हणून साहेबाच्या टकलावर दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याही पुसल्या गेल्या. तेव्हा साहेब म्हणाले, "मामांना धरा. ते लिहितील तर बाकीचे झक मारत लिहितील."

ताई गोदामात आल्या, उलट्या बादलीवर बसल्या. "मामा, तुम्ही बोला. मी टाइप करते."

"मला काय येतंय बोलायला."

"फोनवर बोलता तसंच."

मामा बोलले. चार-पाच दुपारी ताई यायच्या, मामा रोलर पुसता पुसता बोलायचे. या इमारतीचा रखवालदार किल्ली मागितली की देत नाही, आधी त्याच्या गुडघ्याची चौकशी करावी लागते. त्या शाळेच्या लिफ्टचं वरचं बटण दाबून धरावं लागतं. ताई हसत लिहायच्या. मामांना बरं वाटत होतं, म्हणजे वाटत असावं.

पहिल्या पानात एक गोष्ट खरंच राहून गेली. कापडबाजारातली लिफ्ट, दार पायाने उचलायचं. पान फळ्यावर चढलं आणि दुसऱ्याच दिवशी लंबूचा फोन. "मामा, सगळं केलं तुम्ही लिहिलंय तसं. दार बसत नाही."

"पायाने उचल की."

"ते लिहिलंच नाहीये."

"राहिलं वाटतं," मामा म्हणाले. दार बसल्याचा आवाज आला.

त्यानंतर मात्र राहिलं नाही, ठेवलं. दर पानात एकेक गोष्ट मामा गाळत गेले. जिवावर बेतेल असं काही नाही. एखादं बटण, एखादी किल्लीची जागा, जरासं थांबणं. पोरं लिहिल्याप्रमाणे करायची, अडायची आणि फोन करायची. ताई विचारायच्या, "एवढंच ना?" मामा फडकं पिळत म्हणायचे, "एवढंच."

महिनाभर फोन वाजत राहिला. मग पोरांना फळ्याची गोडी लागली. मामांनी लिहिलं म्हणून एकाने लिहिलं, त्याला कोणीतरी अंगठा दिला, म्हणून दुसऱ्याने लिहिलं. ज्याने पोट कोण भरणार विचारलं होतं, तो तर जेवताना फळ्यावरच असायचा. आणि मामांनी गाळलेली एकेक जागा भरत गेली. कापडबाजाराच्या पानावर लंबूने लिहिलं: दार पायाने किंचित उचलावे, मामांच्या सांगण्यावरून. शाळेच्या पानावर कोणीतरी बटणाचा फोटोच टाकला. खाली अंगठ्यांची रांग. फोन कमी झाले. मग आठवड्यातून एखादा. मग तोही नाही.

मामी एकदा जेवता जेवता म्हणाली, "फोन बिघडलाय का हो?"

"नाही."

"मग घास एवढा वेळ हातात का धरलाय? कोणी येणार आहे का घ्यायला?"

मामांनी घास तोंडात घातला.

त्या धुक्याच्या दिवशी फोन वाजला, पण साहेबाचा. नदीजवळच्या दवाखान्यातली लिफ्ट काल संध्याकाळी दोन मजल्यांच्या मधे अडकली होती, आत पायाला प्लास्टर घातलेले एक आजोबा. लंबू गेला होता, त्याला फार वेळ लागला. "आजोबांच्या सुनेने तक्रार केलीय," साहेब म्हणाले. "लंबूवर ठपक्याचा कागद काढावा लागेल. तो येतोय तुमच्याकडे सामान टाकायला. बघा काय म्हणतो."

दवाखान्याचं पान मामांचंच होतं. तिथे लिफ्ट अडकली की मेन स्विच बंद करायचा आणि पेटीतला लाल दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबायचं. मगच चालू करायचा. घाई केली तर लिफ्ट जागची हलत नाही. थांबायचं तेवढं मामांनी लिहिलं नव्हतं. त्या पानाला अजून कोणाचाच हात लागला नव्हता.

लंबू आला. दारात सवयीने वाकला. सामानाची पिशवी ठेवली आणि उलट्या बादलीवर बसला. मांड्या वर, गुडघे कानाशी.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"काय होणार. बंद केली, चालू केली. नाही हलली. परत बंद, परत चालू. किती वेळा केलं देव जाणे. शेवटी वर जाऊन हाताने चाक फिरवलं आणि मजल्याला आणली. आजोबा खालीच बसले होते आत. बसल्या जागीच लघवी झाली होती त्यांना. सून मला बोलत होती आणि ते मान खाली घालून म्हणत होते, त्याला बोलू नकोस, त्याला बोलू नकोस."

मामांच्या हातातला रोलर फिरायचा थांबला.

"मला फोन का नाही केलास?"

लंबूने त्यांच्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. "तुमचंच पान होतं की मामा. आधी राहिलेलं एव्हाना सगळं भरलंय, तुमच्या पानात आता काही राहिलेलं नसणार. मीच काहीतरी चुकत असणार. तेच तेच परत करत बसलो." मग तो उठला. "साहेबाने कागद दिला तर घेतो सही करून. आपलीच अक्कल बेताची, त्याला कोण काय करणार."

"चहा घे."

"नको. शाळेची तक्रार आलीय परत. फळ्यावर आहे सगळं, होऊन जाईल."

तो गेल्यावर मामांनी फडक्याने हात पुसले आणि फोन फळीवरून काढला. चष्मा लावला. दवाखान्याचं पान उघडलं आणि उजव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं. दिवा विझेपर्यंत थांबावे. हे माझ्याकडून लिहायचे राहिले होते. मग पुढचं पान. जिथे जिथे जागा अजून मोकळी होती तिथे तिथे. एकदा चुकून डावं बोट काचेवर टेकलं आणि काय दाबलं गेलं ते कळलंच नाही. पुसून परत लिहिलं. धुकं तोवर विरळ होऊन पत्र्यावरचं ठिबकणं थांबलं होतं.

दुपारी ताई आल्या. बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"मामा, फळ्यावर सकाळपासून तुमचंच नाव येतंय."

"हो."

"सगळ्याच पानांत एकेक गोष्ट राहिली होती?"

"हो."

"मी विचारायचे तुम्हाला. एवढंच ना म्हणून."

"विचारायचात."

ताईंनी मामांच्या फोनकडे बघितलं, तो परत फळीवर उभा केलेला होता. "दवाखान्याचं मी साहेबांना सांगते," त्या म्हणाल्या. "पान अर्धं होतं म्हणून. लंबूचा कागद निघणार नाही."

"आणि माझा?"

"तुमचा कशाला काढतील? साहेबांनी आत्ताच बैठकीत सांगितलं, मामांनी स्वतः बसून सगळी पानं तपासली, बघा आणि शिका." त्या हसल्या नाहीत. "साहेबांचं ते बोलणं मी खोडून काढू का?"

मामांनी विचार केल्यासारखं केलं. "तुमच्या मनाला येईल ते करा, ताई."

त्या गेल्या. बाहेर त्यांच्या चपलांचा आवाज ओल्या फरशीवर थोडा वेळ आला, मग तोही नाही.

मामांनी फोन उचलून बघितला. फळ्यावर दवाखान्याच्या पानाखाली एक अंगठा आला होता, लंबूचा. बाकी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी फोन पालथा घालून फळीच्या आतल्या बाजूला ढकलला, जिथे नटबोल्टची रिकामी डबडी पडलेली असतात. बादलीतून पुढचा रोलर काढला. रॉकेलमध्ये बुडवला, केस ओढून काढले, उजव्या हातात धरून फिरवला. अडखळला. गेलेल्यांच्या डब्यात टाकला आणि दुसरा काढला.