मध्यंतराआधीची गोष्ट

ताईचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं तोडण्यात गेलं, आणि त्याबद्दल तिला दरमहा पगार मिळत असे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे ट्रंक कॉल जोडून द्यायचं तिचं काम. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची भलीमोठी फळी आणि हातात पितळी टोकांच्या दोऱ्या. लोक घसा खरवडून बोलायचे, भांडायचे, सोयरिकी जुळवायचे, आणि ऐन रंगात आले की मध्येच ताईचा मधाळ आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" या एका वाक्यानं किती भांडणं मिटली आणि किती लग्नं लांबली, देव जाणे.

तिची आणखी एक सवय होती, ती मात्र नियमांच्या पुस्तकात नव्हती. वाईट बातमीचा कॉल तिला आधीच ओळखू यायचा. पलीकडचा माणूस नंबर सांगतानाच अडखळायचा. मग ताई इकडच्या माणसाला म्हणायची, "जवळ खुर्ची आहे का? आधी बसून घ्या, मग जोडते." साहेबांनी एकदा जाब विचारला तेव्हा ती म्हणाली, "माणसं उभ्याउभ्या पडतात, साहेब. हातातला फोन फुटतो. खात्याचं नुकसान." माणसांचं पडणं साहेबांना फारसं लागलं नाही, पण फोनचं ताबडतोब पटलं.

पुढे यंत्रं आली, लोक आपले आपण फोन लावायला लागले आणि ताई निवृत्त झाली. सवय काही निवृत्त झाली नाही. शेजारीण दारात उभी राहून सुनेबद्दल बोलायला लागली की ताई घड्याळाकडे नुसती नजर टाकायची, आणि शेजारणीला घरी काहीतरी गॅसवर ठेवल्याचं आठवायचं.

अशा या ताईकडे एका सकाळी तिचा धाकटा भाऊ दोन तिकिटं नाचवत आला. धाकटा म्हणजे पंचावन्नचा, पोट पुढे, मिशी पांढरी, मोटार शिकवण्याच्या शाळेचा मालक. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून जन्मभर जादा ब्रेकवर पाय ठेवल्यामुळे त्याचा उजवा पाय त्याच्या ताब्यात राहिलेला नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसला आणि वस्तरा जरा वेगानं आला, तरी हा खाली ब्रेक दाबतो. बायकोशी वाद घालतानाही दाबतो, पण तिथे गाडी थांबत नाही.

"ताई, बॅग भर," तो म्हणाला. "आपल्या सिनेमाचं घर सापडलं. घर, स्टेशन, तो जिना, सगळं जसंच्या तसं आहे म्हणे. तिथला राखणदार स्वतः फिरवून दाखवतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गोष्टही सांगतो."

"सुरुवातीपासून?" ताईनं विचारलं, आणि पुढे केलेली तिकिटं घ्यायची राहूनच गेली.

कारण त्या सिनेमाची सुरुवात धाकट्याला माहीत नव्हती. म्हणजे माहीत होती, पण ती ताईनं केलेली होती.

झालं होतं असं. ताई अकरा वर्षांची आणि धाकटा सहा वर्षांचा असताना त्यांची आई गेली आणि दोघं मामाकडे आली. मामा गावातल्या थिएटरवर डोअरकीपर होता. हातात टॉर्च, अंगात पितळी बटणांचा कोट, आणि प्रामाणिकपणा असा की स्वतःच्या बायकोलाही विनातिकीट सोडणार नाही. पण त्या प्रामाणिकपणाला त्यानं एक बाजूचं दार ठेवलं होतं. त्याचं म्हणणं असं, की मध्यंतराआधी फुकट आत सोडणं ही चोरी; पण मध्यंतरानंतर रिकामी राहिलेली खुर्ची म्हणजे पातेल्यात उरलेलं अन्न. ते पोरांना वाढलं तर कुणाचं काय जातं? त्यामुळे या दोघांनी लहानपणी पाहिलेला प्रत्येक सिनेमा निम्म्यावरून सुरू झाला. खुनी कोण ते त्यांना आधी कळायचं, खून कुणाचा झाला ते कधीच नाही.

त्यात हा एक सिनेमा आला आणि धाकटा त्याच्यापायी वेडा झाला. मध्यंतरानंतर पडद्यावर त्याच्याएवढाच एक मुलगा दिसायचा. हातात पत्र्याची ट्रंक, अंगात काळा कोट, कोटाला सगळी काळी बटणं आणि मधलं एकच पांढरं. तो मुलगा गावोगाव फिरतो, पत्ता विचारतो, पडतो, उठतो, आणि शेवटी एका उंच घराचा लाकडी जिना चढून दार वाजवतो. दार उघडतं. उघडणारं माणूस दिसत नाही, फक्त चौकटीवर एक हात दिसतो, पिठानं माखलेला. मुलगा हसतो. सिनेमा संपतो.

"तो कुठे चाललाय?" धाकट्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

त्या दिवसांत मोठ्या माणसांनी त्याला सांगितलं होतं, की आई औषधासाठी मोठ्या गावी गेली आहे. ताईला खरं माहीत होतं. ती म्हणाली, "आईकडे."

"मग तो हात आईचा?"

"मग कुणाचा? पोळ्या लाटत होती ती."

एकदा हो म्हटलं की पुढचं सगळं करावंच लागतं. ताईनं मध्यंतराआधीचा अख्खा सिनेमा रचला. मुलगा आणि आई गाडीनं निघतात, मुलगा पाणी प्यायला स्टेशनवर उतरतो, गाडी सुटते, आई पुढे जाऊन घर लावून ठेवते, पोराची वाट बघते. धाकट्यानं घोड्याची मागणी केली, म्हणून घोडा आला. नुसता घोडा त्याला चालेना, म्हणून तो घोडा आकडे मोजायला शिकला. पांढरं बटण कुठून आलं, तर ते घोड्याला वाटेत सापडलं.

मग एक दिवस शेजारच्या काकूंनी चक्क तिकीट काढून ताईला तोच सिनेमा दाखवायला नेलं, आणि ताईला खरा पूर्वार्ध दिसला. त्यात मुलाची आई मरते. मरायच्या आधी ती त्याच उंच घराच्या जिन्याच्या पायरीवर बसून त्याच्या कोटाचं तुटलेलं बटण लावते. मग नातेवाईक मुलाला लांब घेऊन जातात, आणि त्या घरात मागे राहते ती पोळ्या लाटणारी मावशी, आईची बहीण; पिठाचा हात तिचा. मध्यंतर झालं तशी ताई उठून घरी आली. धाकटा दारातच बसला होता. "घोडा दिसला?" त्यानं विचारलं.

"दिसला," ताई म्हणाली. "पांढरा आहे."

सिनेमा पडला. गावात पुन्हा कधी लागला नाही, टीव्हीवरही आला नाही. धाकटा मोठा झाला, आई गेल्याचं त्याला यथावकाश कळलं, पण गोष्ट राहिली. परवान्याची परीक्षा द्यायला तो एकोणिसाव्या वर्षी शहरात गेला आणि पास होऊन आला, तेव्हा डोळे सुजलेले होते. "वाटेत धूळ फार," म्हणाला, आणि मिसरूड फुटलेला तो बाप्या संध्याकाळी ताईच्या शेजारी बसून म्हणाला, "ताई, ती मध्यंतराआधीची गोष्ट सांग ना." तिनं सांगितली. त्यानं ती पुढे स्वतःच्या मुलीला सांगितली. त्याच्या शाळेच्या पाटीवर मोटारीचं चित्र नाही, ट्रंक घेतलेल्या मुलाचं आहे. कुणी विचारलं तर सांगतो, "चालत राहिला, म्हणून आई भेटली."

आईविना वाढलेल्या पोराला ताईनं दिलेली ही एकच चीज होती, आणि ती खोटी होती. आता कुणी परका राखणदार ती त्याच्या हातातून काढून घेणार, या विचारानं तिनं भरलेली बॅग दोनदा रिकामी केली. नको म्हणावं तर धाकट्यानं शाळा चार दिवस बंद ठेवली होती. गेलं नाही तर तो एकटा जाणार. त्यापेक्षा बरोबर जाऊन लाइन आपल्या हातात ठेवलेली बरी, असं तिनं ठरवलं.

बसच्या प्रवासात धाकट्यानं डोंगरातल्या प्रत्येक वळणावर ब्रेक दाबला. पुढच्या सीटवरचे गृहस्थ तीनदा वळून बघून चौथ्यांदा उठून मागे गेले.

राखणदार स्टेशनवरच उभा होता. किडकिडीत, गळ्यात मफलर, आणि डोक्यात एकच अभिमान. लहानपणी तो त्या सिनेमाच्या गर्दीत होता. "फलाटाच्या सीनमध्ये नीट बघा. डाव्या कोपऱ्यात एक कान दिसतो. तो माझा." असं म्हणून त्यानं कान पुढे केला. धाकट्यानं तो दोन्ही बाजूंनी आदरानं पाहिला.

"तर गोष्ट सुरू होते इथून," राखणदार म्हणाला. "आई आणि मुलगा गाडीतून उतरतात. आईला खोकला..."

"पाणी मिळेल का हो इथे?" ताई म्हणाली.

पाणी आलं. राखणदारानं घसा साफ केला. "तर त्या आईला..."

"हे घड्याळ त्या वेळचंच का?"

"हो बाई, त्या वेळचंच. तर आईला डॉक्टर..."

"बंद दिसतंय."

"बंदच आहे. तर डॉक्टर म्हणतात..."

"मग दुरुस्त का नाही करत?"

राखणदार स्टेशन, बाजार आणि पूल ओलांडेपर्यंत एकही वाक्य पुरं करू शकला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला असं गिऱ्हाईक भेटलं होतं. तो धाकट्याला हळूच म्हणाला, "साहेब, बाईंना इतिहासाची फार आवड दिसते."

"पहिल्यापासून," धाकटा म्हणाला. "काय गं ताई, दमलीस?"

"मी नाही दमत, बाळ्या."

पण ते घर उंचावर होतं आणि जिना सिनेमात दिसायचा त्याहून दुप्पट उभा. ताईच्या गुडघ्यांनी पहिल्या वळणावरच हात टेकले. कठड्याला धरून ती श्वास घेत राहिली आणि ते दोघं वर गेले. आणि तिला वरून राखणदाराचा आवाज ऐकू आला. इतका वेळ तुंबलेला, त्यामुळे धबधब्यासारखा.

"आणि साहेब, या खोलीत त्या मुलाची आई मरते."

ताईनं हाक मारायला तोंड उघडलं, पण दम पुरेना. जन्मात पहिल्यांदाच तिला कुणाची लाइन तोडता आली नाही.

मग धाकट्याचा आवाज आला, एकदम मालकी आवाज. "कुणाची आई मरते? काहीतरी सांगू नका. ती पुढे येऊन घर लावते."

"साहेब, मी सिनेमात होतो."

"कान होता तुमचा. कानाला काय दिसतंय? मुलगा पाणी प्यायला उतरतो, गाडी सुटते. मग घोडा येतो."

"घोडा?" राखणदार म्हणाला. "या सिनेमात घोडा नाही."

"पांढरा आहे. आकडे मोजतो."

"साहेब, आमच्या अख्ख्या गावात त्या वेळी घोडा नव्हता."

"भाड्यानं आणला असेल. तुम्ही लहान होतात, तुम्हाला कोण सांगणार?"

ताईला हसू यायला लागलं आणि रडूही. पंचावन्न वर्षांचा माणूस नसलेल्या घोड्यासाठी भांडत होता. त्याचा विश्वास राखणदारालाही हलवता येत नव्हता, या विचारानं तिच्या जिवात जीव आला.

"बरं, घोडा राहू द्या," राखणदार अखेर म्हणाला. "मग ते पांढरं बटण कुठून आलं, ते तरी सांगा."

"ते आईनं लावलं," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज आता भांडणाचा नव्हता. "तिथे खाली, वळणावरच्या पायरीवर बसून. काळं बटण सापडत नव्हतं, म्हणून तिनं स्वतःच्या अंगावरचं काढलं. दोरा दातानं तोडला. मग बटण नीट बसलं का ते बघायला त्याच्या छातीवर हात ठेवला, आणि बराच वेळ काढलाच नाही."

"बरोबर," राखणदार म्हणाला. "अगदी बरोबर. आणि त्यानंतरच ती..."

"तीन मिनिटं झाली," धाकटा म्हणाला.

ताई त्या पायरीवर बसली. बटणाचा तो प्रसंग तिनं धाकट्याला कधी म्हणजे कधीच सांगितला नव्हता. तिच्या गोष्टीत बटण घोड्याला सापडायचं. हे दाताचं आणि छातीवरच्या हाताचं फक्त खऱ्या सिनेमात होतं.

थोड्या वेळानं तो खाली आला आणि तिच्या शेजारी टेकला. पायरी करकरली.

"दम लागला का गं?"

"तुझ्या डोळ्यांत धूळ गेली होती," ताई म्हणाली. "परवान्याच्या वेळी."

धाकट्यानं मिशी चोळली. "सकाळचा खेळ होता. एका जुन्या थिएटरला. पहिल्यापासून बघायचा म्हणून पडद्यावर नावं यायच्या आधीच जाऊन बसलो होतो."

"मग घरी येऊन मला गोष्ट कशाला विचारलीस?"

"अगं, अख्खा सिनेमा बघितला," तो म्हणाला, "आणि त्यात घोडाच नाही."

खाली गावाची छपरं दिसत होती. ताईनं हात पुढे करून त्याच्या कोटाचं मधलं बटण उगाचच सरळ केलं.

राखणदारही खाली उतरून दोन पायऱ्या वरच घुटमळत होता. "बाई, रागावू नका, पण एक विचारतो. साहेब म्हणतात तो घोडा... तो नेमका कुठे येतो?"

"आधी बसून घ्या," ताई म्हणाली. "मग जोडते."

तो बसला, मफलर सोडून, चांगला कान देऊन. ताईनं घसा साफ केला आणि सुरुवातीपासून सुरुवात केली. स्टेशन आलं, पाण्याचा नळ आला, गाडीनं शिट्टी दिली. मग लांब पुलावरून पांढरा घोडा चौखूर उधळत यायला लागला, जवळ आला, अगदी जवळ आला, आणि धाकट्याच्या उजव्या पायानं खालची पायरी घट्ट दाबून धरली.