सासूबाईंचं गिरेबाज घराणं

माझी सासू कबुतरं पाळते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधेच हसलेलं मला चालत नाही. मी नळदुरुस्तीची कामं करतो, दिवसभर लोकांच्या मोऱ्यांत डोकं घालून असतो, त्यामुळे घाणीचं मला काही वाटत नाही. पण मुलगी बघायला गेलो तेव्हा मला बसवलं कुठे, तर गच्चीवर. सासूबाईंनी ना पगार विचारला, ना घर कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. कबुतरांच्या ढाबळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "टाकीतनं इथपर्यंत पाण्याची नळी आणता येईल का?" मी म्हटलं, येईल. झालं, लग्न ठरलं. बायको अजून सांगते, तुला मी नाही, कबुतरांनी पसंत केलंय.

गल्लीच्या तोंडाशी लॉन्ड्री आहे, तिथे या बाईने उभी हयात इस्त्री केली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा आहेत. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते. सासरे लवकर गेले, मागे एक मुलगी आणि घराचे हप्ते. त्यात एका गिऱ्हाइकाने शहर सोडून जाताना कबुतरांची एक जोडी त्यांच्या गळ्यात मारली. दुसरी कुणी असती तर त्याच दिवशी सोडून दिली असती. यांनी साबणाचं खोकं उलटं ठेवलं, पुढे जाळी मारली आणि जोडीला घर करून दिलं. त्या जोडीतली मादी म्हणजे आमच्या घराण्याची मूळ बाई. तिला सगळे म्हातारी म्हणायचे, ती तरुण होती तेव्हापासून.

ही गिरेबाज जात. थव्याने वर जातात, आणि उडता उडता एखादं अचानक मागच्या मागे कोलांट्या घेत खाली यायला लागतं. इतक्या जलद, की पंख दिसत नाहीत, शेपूट दिसत नाही, नुसता एक गोळा दिसतो. मग हवेतच ते सावरतं आणि पुन्हा थव्यात जाऊन मिळतं. याला म्हणायचं गिरकी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कबुतराला फेफरं आलं. सासूबाईंना तसं म्हणालो, तर त्या संध्याकाळी मला चहा मिळाला नाही.

पण मला खरा धक्का बसला तो त्यांच्या जोड्या लावण्याने. एकदा त्यांनी म्हातारीचा जोडा तिच्याच नातवाशी लावला. मी म्हटलं, "आई, अहो, काहीतरी लाज? आजी आणि नातू?"

"जावईबापू, त्यांना काय चारचौघांत तोंड दाखवायचंय?" त्या म्हणाल्या. "म्हातारीसारखी गिरकी दुसऱ्या कुणाची नाही. ती घरात मुरवायची तर पुन्हा पुन्हा तिच्याकडेच वळायला लागतं. बाहेरचं पाणी घालत राहिलं की रस्सा पातळ होतो."

"आणि काही वाईट असलं तिच्यात, तर?"

"तेही मुरतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर डोळे उघडे ठेवायचे."

असं करत करत त्यांनी घराणं उभं केलं. त्या ढाबळीतलं प्रत्येक कबुतर म्हातारीचं कोणी ना कोणी लागायचं. एका बाईने, दिवसभर दुसऱ्यांच्या कॉलरी सरळ करून, संध्याकाळच्या उरलेल्या उजेडात हे केलं. मला त्यांचा अभिमान आहे, आणि ते सांगायला मला कुणाची परवानगी नको.

मग आला भोवरा. म्हातारीचा नातू, मुलाकडचा. काळपट रंग, मान आखूड, दिसायला यथातथाच. पण वर गेला की चार मजले उतरेल एवढी लांब गिरकी घ्यायचा. लोक आमच्या गच्चीवर बघायला यायचे. मी जिन्याला कठडा बसवून घेतला, न जाणो कुणी वर बघत बघत खाली गेलं तर आमच्या डोक्याला ताप. दरवर्षीच्या कबुतरांच्या स्पर्धेत त्याने एकट्याने नाव काढलं, आणि सासूबाई लॉन्ड्रीत जरा मान ताठ ठेवून चालायला लागल्या. बरोबर आहे, का नाही चालायचं?

इथेच त्यांची चूक झाली. ही चूक कबुतरवाल्याकडूनच होते, तुमच्याआमच्याकडून व्हायची नाही. लांब गिरकीवर लांब गिरकी जोडायची. भोवऱ्याला त्यांनी निम्म्या माद्या दिल्या, आणि पुढच्या वर्षी त्याची पोटची मुलगीच त्याला दिली. पिल्लं झाली ती एकेक अशी, की बघणाऱ्याने जागेवर बसावं. सगळी भोवऱ्याहूनही लांब उतरायची. स्पर्धेला थोडेच दिवस होते आणि आमच्या घरात पहिला नंबर आल्यासारखंच वातावरण होतं.

एका सकाळी त्यातलं एक पिल्लू गिरकीत शिरलं आणि त्यातनं बाहेरच आलं नाही. पाण्याच्या टाकीच्या काठावर आपटलं. मी म्हटलं, वारा असेल. त्याच आठवड्यात दुसरं गेलं, खाली बेकरीच्या दारात. सासूबाई चपला न घालता खाली गेल्या आणि ते पदरात घेऊन वर आल्या. बराच वेळ त्याची मान हाताने सरळ करत बसल्या होत्या.

"वारा नाही हो," त्या म्हणाल्या. "मी केलंय हे. सगळी खाली किती येतात तेवढंच बघत बसले. थांबायचं कोणाला येतं ते बघितलंच नाही."

मग त्यांनी हिशोब मांडला. भोवऱ्याचं रक्त नाही अशी कबुतरं ढाबळीत बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती. म्हातारी आता अंडी देत नव्हती. म्हणजे आयुष्यभर जपलेलं घराणं अशा काठावर येऊन उभं होतं, की एकतर वरून पडून पडून संपणार, नाहीतर बाहेरच्या रक्तात विरघळून जाणार.

त्यांनी स्पर्धेतून नाव काढून घेतलं. भोवऱ्याची सगळी प्रजा वेगळ्या खुराड्यात गेली, त्यांना जोडा नाही, उड्डाण नाही, दाणापाणी मात्र भरपूर. भोवराही तिथेच गेला. मी त्या खुराड्याला पेन्शनरांची चाळ म्हणायचो.

त्याच सुमारास बेकरीवाला वर आला. हाही कबुतरवाला, चांगला हौशी माणूस. आमच्याकडे कबुतरवाल्यांत रीतच आहे, की चांगली मादी घराबाहेर द्यायची नाही. नर द्या, लंगडा द्या, म्हातारा द्या, मादी द्यायची नाही. तरी त्याने तोंड उघडलं.

"मावशी, भोवऱ्याची एक मुलगी द्या. म्हणाल ते देतो. तुम्ही तर त्यांना उडवतही नाही."

"उडवत नाही ते उगाच नाही रे. त्यांना थांबता येत नाही. तुझ्या दारात पडलेलं तू बघितलंयस."

"एखादं सगळ्यांकडेच पडतं. द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा."

"मग नाही. माझ्या घरातला दोष तुझ्या घरी नांदायला पाठवणार नाही मी."

त्याला ते बहाणाच वाटला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत झालं, मावशी खडूस आहेत, कबुतरं छातीशी धरून वर जाणार आहेत. आमच्याकडे पाव यायचा बंद झाला. मी भांडायला निघालो होतो, पण सासूबाईंनी मला दारातच पकडलं. म्हणाल्या, "पाव दुसरीकडे मिळतो. तुम्ही आधी तो गळका नळ बघा."

आता नवी जोडी कोणाची लावायची? माझा अंदाज, उरलेल्यांत सगळ्यात उंच उडणारी. त्यांनी काढली ती भोवऱ्याची आत्या. म्हातारीची शेंडेफळ मुलगी, सगळ्यांनी मठ्ठ म्हणून सोडून दिलेली. ती गिरकी घ्यायची दीड मजल्याची, पण नळ बंद करावा तशी थांबायची आणि दुसऱ्या क्षणाला थव्यात हजर असायची. तिच्यासाठी नर निवडला तिच्याच बहिणीचा मुलगा, भोवऱ्याशी थेट संबंध नसलेला. पुन्हा सगळं फिरून म्हातारीकडेच.

पहिली अंडी उजेडात धरून बघितली, आत काहीच धरलेलं नव्हतं. दुसऱ्या वेळी एक पिल्लू निघालं, पण त्याचा पाय वाकडा. ते पेन्शनरांच्या चाळीत गेलं. घरातल्या घरात फार वेळा जुळवलं की असं होतं, अंगातला जोर कमी होत जातो. मला राहवलं नाही.

"आई, बास झालं. बाहेरून एक चांगला धडधाकट नर आणू. मी आणतो."

"आणा. पहिल्या खेपेला ढीगभर पिल्लं होतील," त्या म्हणाल्या, "आणि दुसऱ्या खेपेला ही कोणाची कोण ते मलाच ओळखू येणार नाही."

"आणि नाही आणला तर एक दिवस ढाबळच रिकामी होईल."

"होऊ दे. पण झाली तर माझीच म्हणून होईल."

आता याला काय म्हणायचं? मी पाने-पकडी आपटत खाली गेलो. वर त्या आत्याबाईसमोर बसून होत्या. तिचा जोर वाढावा म्हणून त्यांनी तिला आख्खा हिवाळा उडवलं नाही, जोडीही लावली नाही. नुसतं खाऊ घातलं, उन्हात बसवलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा जोडी लावली आणि दोन पिल्लं निघाली, गलेलठ्ठ. पुढची निवड मी डोळ्यांनी बघितली आहे. कोण आधी दाण्यावर येतं, कुणाची छाती भरते, कोण आजारातून आपलं आपण उठतं, आणि सगळ्यात शेवटी, कोण कशी गिरकी घेतं. ज्याला सुंदर गिरकी आहे पण थांबायला एक क्षण उशीर होतो, ते बाद. कितीही देखणं असो, बाद. मला कधीकधी वाईट वाटायचं, त्यांना वाटलेलं मी तरी बघितलं नाही.

त्यात कित्येक वर्षं गेली. लॉन्ड्रीतून त्या निवृत्त झाल्या, भोवरा गेला, म्हातारी तर त्याच्याही आधी गेली. स्पर्धेला त्यांचं नाव नसायचं. लोक विसरायला लागले की या गच्चीवर कधी काही होतं. आणि मग एका वर्षी त्या मला म्हणाल्या, "जावईबापू, यंदा नाव देऊ या."

या स्पर्धेत परीक्षक प्रत्येकाच्या गच्चीवर येतो. भोवऱ्यासारखा एखादा सोडला तर एकट्या कबुतराला फारसं कुणी विचारत नाही, एका वेळी किती जणं मिळून गिरकी घेतात ते तो मोजतो. आमचा थवा वर गेला, एक फेरी झाली, दुसरी झाली. मग सगळा थवा एकदम फुटला. लाह्या फुटाव्यात तसा. एकाच क्षणी जवळजवळ सगळी गिरकीत, खाली, खाली, आणि सगळी एकदम थांबली. पुन्हा वर जाऊन एकत्र. परीक्षकाच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली होती. पुन्हा फुटला, पुन्हा जुळला. एकही पडलं नाही. मी किती ओरडलो ते मला आठवत नाही, बायको म्हणते खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले होते. सासूबाई मात्र दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभ्या होत्या.

दुसरा नंबर आला. पहिला शहराच्या पलीकडच्या कुणा शिंप्याला मिळाला. माझं डोकं फिरलं, पण त्यांना काही सोयरसुतक नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी दोन खोकी भरली, एक माझ्या हातात दिलं, एक स्वतः घेतलं. "चला, बेकरीत जायचंय."

मला वाटलं, बाई भ्रमिष्ट झाली. बेकरीवाला कित्येक वर्षं आमच्याशी बोलत नव्हता. आम्हाला बघून त्याने मान खाली घातली आणि कणीक मळत राहिला. सासूबाईंनी खोकं ओट्यावर ठेवून झाकण उघडलं. आत आमच्या थव्यातली सगळ्यात चांगली तरुण मादी होती.

"ही घे," त्या म्हणाल्या.

"आता देताय होय? तेव्हा मागत होतो तेव्हा नाही."

"तेव्हा तू मागत होतास ते माझं चुकलेलं होतं. हे बरोबर आलंय."

त्याने मादी हातात घेतली, छाती चाचपली, पंख उघडून बघितला. कबुतरवाला तो, त्याला कळायला वेळ लागत नाही. मग हळूच विचारलं, "मावशी, हिला नर कोणता लावू माझ्याकडचा?"

"तुझ्याकडे हिच्या लायकीचा एक नाही." त्यांनी मला खूण केली. मी दुसरं खोकं पुढे केलं. त्यात तिचा चुलतभाऊ होता. "म्हणून हाही घे. एकाच छपराखाली असलं की एका रोगात सगळं जातं. दोन घरी असलं की एकाकडचं गेलं तरी दुसऱ्याकडून परत आणता येतं. मी काही कायमची नाही."

बेकरीवाल्याने मादी परत खोक्यात ठेवली. त्याच्या हातांना पीठ होतं, ते त्याने अंगावरच पुसलं.

"आणि माझ्याकडे पडली तर?" तो म्हणाला.

इतकी वर्षं लॉन्ड्रीत उभी राहिलेली ही बाई. शर्टावरचा डाग निघेल का असं कुणी विचारलं, तर बघते म्हणायची, निघेल असं तिने आजवर एका गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही. तिथे बेकरीच्या ओट्यापाशी तिने क्षणभरही विचार केला नाही.

"नाही पडणार," ती म्हणाली.