सत्तेचाळीस ठिकाणी ठमी

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर इंग्रजीचे सर राहतात आणि खाली माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. सरांच्या बाहेरच्या खोलीत संध्याकाळी पाचला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास भरतो. मधल्या दाराला पडदा, पडद्याच्या आत सरांचा संसार. कपड्यांच्या दुकानातले सेल्समन, दवाखान्यातल्या नर्स, पोरांचा अभ्यास घेता यावा म्हणून शिकणाऱ्या आया, असे पंचवीसेक जण बाकांवर दाटीवाटीने बसतात आणि सरांच्या पाठोपाठ वाक्यं ओरडतात. मला खाली सगळं ऐकू येतं. अकरा वर्षं ऐकतेय, म्हणून माझं इंग्रजी सुधारलं असं मात्र अजिबात नाही.

सरांची पुस्तिका मीच टाइप करते. त्यातला नववा धडा सगळ्यांचा लाडका. चालूच राहणारी कामं इंग्रजीत कशी सांगायची, हा त्याचा विषय. सर सांगायचे, "सोपं आहे. क्रियापदाला 'ऑन'ची शेपटी लावा, की माणूस थांबत नाही. टॉक म्हणजे बोलणं, टॉक ऑन म्हणजे बोलतच राहणं. कीप ऑन, गो ऑन, कॅरी ऑन, सगळी एकाच घरातली भावंडं. आणि 'अवे' लावलंत तर माणूस कामात रमलेलासुद्धा असतो." जीभ मोकळी व्हावी म्हणून रोजचा क्लास याच धड्याच्या उजळणीने सुरू व्हायचा.

उदाहरणांत सगळीकडे ठमी. ठमी म्हणजे सरांची लेक; खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच. बाप ओरडला तरी ठमी केप्ट ऑन लाफिंग. पाहुणे पेंगायला लागले तरी ठमी वेंट ऑन टॉकिंग. दिवे गेले, ठमी कॅरीड ऑन ईटिंग. बाहेर सगळे खोळंबलेत, आणि ठमी वॉज सिंगिंग अवे इन द बाथरूम. यातलं एकही वाक्य सरांनी रचलेलं नव्हतं. पोरगी खरंच तशी होती.

एका बॅचमधल्या टॅक्सी ड्रायव्हरने विचारलं होतं, "सर, ही बया थांबते तरी कधी?"

"थांबत नाही, म्हणून तर तिला या धड्यात घेतलीय," सर म्हणाले, आणि पडद्याआडून ठमी खिदळली. ते मी खाली ऐकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ठमी गेली. एकोणीस वर्षांची होती. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं संपलं. ती गेल्याच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचला वर क्लास सुरू झाला. खोटं कशाला बोलू, मला सरांचा संताप आला. लोकही म्हणाले, माणूस आहे की दगड.

तेव्हापासून सर तसेच. रोज दाढी, इस्त्रीचा शर्ट, खडूचा डबा. जेवलात का म्हटलं तर "हो". झोप लागते का म्हटलं तरी "हो". त्यांच्याशी बोलणं म्हणजे बंद दुकानाचं शटर वाजवणं. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, तर जिना उतरणंच सोडलं. घरात दोन माणसं, पण भांडी वाजली तरच कळायचं की कोणी आहे. आणि रोज पाचला पंचवीस गळे "ठमी केप्ट ऑन लाफिंग" असं ओरडायचे. पडद्यामागे त्या माउलीचं काय होत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जायचा नाही.

यंदा पुस्तिका संपल्या. सर नव्या छापायला सांगायला आले. माझा स्वभाव मुळातच आगाऊ. म्हटलं, "सर, रागावू नका. नवव्या धड्यातलं नाव बदलू या का? वहिनींना रोज ऐकावं लागतं."

"बदला."

"दुसरं कोणतं घालू?"

"कोणतंही."

मी 'रीटा' घातलं. कॉम्प्युटरला एकदाच सांगावं लागतं. सत्तेचाळीस ठिकाणी बदल झाल्याचं त्याने कळवलं, आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

नव्या पुस्तिका वाटल्या त्या दिवशी पाचला वरून सरांचा आवाज आला. "लेसन नाइन. रिपीट आफ्टर मी." आणि पुढे काहीच नाही. मी झेरॉक्सचं मशीन बंद करून कान लावला. त्या खोलीत त्या वेळी इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती. ठमी गेल्याच्या पाचव्या दिवशीसुद्धा नाही.

जिन्यात चपला वाजल्या. दारात वहिनी उभ्या होत्या, हातात नवी पुस्तिका.

"हे तू केलंस?"

"वहिनी, मला वाटलं, तुम्हाला त्रास..."

"मला विचारलंस?"

"नाही," मी म्हटलं.

"यांनीही विचारलं नाही. घरात आम्ही दोघंही तिचं नाव घेत नाही गं. ओठांवर येतं आणि गिळून टाकतो. दिवसभर मी पाच वाजायची वाट बघते. पाचला पंचवीस माणसं तिला हाक मारतात. तेवढंच उरलंय मला." त्या रडत नव्हत्या. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. "आत्ता ते फळ्यापाशी नुसते उभे आहेत. तोंडातून शब्द निघत नाही. जुनी प्रत आहे का तुझ्याकडे?"

होती. ती घेऊन आम्ही दोघी वर गेलो. सर हातात खडू धरून पुस्तिकेच्या पहिल्या ओळीकडे बघत होते. समोर सगळे अवघडून बसले होते. एक नर्स पाण्याचा ग्लास घेऊन उठली होती, पण द्यावा की नाही हे तिला कळत नव्हतं.

क्लास चालू असताना वहिनी कधी पडद्याच्या बाहेर आल्या नव्हत्या. शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजीशी उभा दावा. त्या सरळ बाकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. जुनी प्रत हातात मिटलेलीच होती.

"ठमी केप्ट ऑन लाफिंग," त्या म्हणाल्या.

सगळे हातातल्या पानात बघायला लागले. सगळ्यांच्या पुस्तकात रीटा होती.

"म्हणा की."

सगळे म्हणाले. मग पाहुण्यांचं वाक्य आलं, मग दिव्यांचं. वहिनींची एकही चूक नाही. सर बाकाच्या कडेला टेकले.

"ठमी वॉज सिंगिंग..." वहिनी थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबल्या.

"अवे," सर म्हणाले. आवाज घोगरा होता. "ठमी वॉज सिंगिंग अवे." आणि पंचवीस जणांसमोर, खडूच्या हातांनी तोंड झाकून, ते ढसाढसा रडायला लागले.

नर्सने ग्लास बाकावर ठेवला. वहिनींनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर्गाकडे वळल्या.

"म्हणा," त्या म्हणाल्या. "मोठ्याने म्हणा."