सासूबाईंनी सांगितलेला आकडा

नर्सने भिऊ नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पोट कापून घ्यावं आणि मग न भिणाऱ्या नर्सच्या हाती पडावं. आपली ही नर्स जन्माची भित्री. शिकत असताना मैत्रिणींनी तिला 'भागूबाई' नाव ठेवलं, ते चिकटलं आणि ऑपरेशनच्या वॉर्डात सिस्टर झाली तरी सुटलं नाही. दिलेलं इंजेक्शन बरोबर होतं ना, या धास्तीने ती घराच्या वाटेवरून परत फिरायची. तिच्या वॉर्डात चुका कमी व्हायच्या त्या यामुळेच, पण तसं कुणी म्हणायचं नाही. हसायला मात्र सगळे पुढे.

या भित्र्या बाईने दुखण्यावर संशोधन काढलं होतं. ऑपरेशननंतर माणसाला किती दुखतं हे कुणी धड विचारत नाही, अंदाजाने औषध देतात, हे तिला फार खुपायचं. म्हणून आता वॉर्डातल्या प्रत्येकाला विचारायचं: शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, तर आता किती? एकदा पडल्या पडल्या, एकदा खोकून. कापलेल्या पोटाचं खरं दुखणं खोकल्यावरच कळतं. नियमही तिनेच घातले. त्यातला एक असा, की आपल्या नात्यातल्या माणसाला आपण आकडा विचारायचा नाही. भिडेपायी माणूस खोटं सांगतो.

आणि नेमक्या सासूबाईच वॉर्डात आल्या. आतड्याचा खराब तुकडा काढून उरलेली टोकं जोडली होती.

सासूबाई म्हणजे टाचणी टोचली तरी घर डोक्यावर घेणाऱ्या. त्यांचा गुडघा दुखला की अख्ख्या जिन्याला कळायचं. सुनेशी त्यांचं बरं होतं, म्हणजे दोघी एकमेकींच्या वाटेला जात नसत. भागूबाईने चिमणीला आधीच बजावलं होतं, "त्या ओरडतील, तू घाबरू नकोस." चिमणी ही तिची जोडीदार नर्स, तोंड अखंड चालू, म्हणून ते नाव. सासूबाईंना आकडा विचारायचं काम तिच्याकडे होतं.

सासूबाईंनी सांगितलं, दोन. दुसऱ्या दिवशीही दोन. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोनच. राउंडला आलेले सर्जन म्हणाले, "वा सिस्टर, घरच्या पेशंटने नाव काढलं तुमचं." भागूबाई संकोचली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच सकाळ निघून गेली.

दुपारी खाटेजवळून जाताना ती थबकली. सासूबाई छताकडे बघत पडल्या होत्या. कूस बदलणं नाही, उशी सारखी करणं नाही, शेजारच्या बाईला नावं ठेवणं नाही. सकाळी अंगावर घातलेली चादर जराही विस्कटली नव्हती. पाण्याचा पेला हाताशी असून ओठ सुकलेले.

तिने चिमणीला गाठलं. "खोकून किती सांगितलं त्यांनी?"

"खोकल्याच नाहीत गं. म्हणतात, खोकला येतच नाही. मग मी पडल्या पडल्याचाच घेतला."

"रोज?"

"येत नाही म्हटल्यावर काय करणार, भांडू त्यांच्याशी?"

नियम गेला खड्ड्यात. भागूबाईने सासूबाईंचं मनगट धरलं. हात घामाने गार आणि नाडी सुसाट. पोटावर नुसता तळवा टेकला तर सासूबाईंनी डोळे मिटून दात आवळले. पोट फळीसारखं कडक लागलं. असं पोट तिने आधी पाहिलं होतं, दुसऱ्यांच्या माणसांचं, आणि त्यातली काही माणसं घरी गेली नव्हती. "सर्जनना बोलाव, आत्ताच्या आत्ता," ती चिमणीला म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"आई, मला खरं सांगा. किती?"

सासूबाईंनी आधी चिमणी कुठे आहे ते पाहिलं. ती फोनकडे धावली होती.

"ती लिहीत नाही ना?"

"नाही."

"दहा गं. काल संध्याकाळपासून."

"मग दोन का सांगत होता?"

"ती म्हणाली, सूनबाईंची परीक्षाच आहे ही. आकडा जितका कमी, तितकं त्यांचं नाव." त्यांना धाप लागली. "म्हटलं, बाहेरचे काही का सांगेनात, घरच्या माणसाने कशाला मार्क कापायचे? कधी तुला चांगलं म्हटलं नाही मी. म्हटलं, एवढं तरी करावं."

भागूबाईला रडायलाही सवड मिळाली नाही. सर्जननी पोटाला हात लावला आणि पुढचं सगळं धावपळीत झालं. ती थिएटरबाहेरच्या बाकावर बसली. या बाकावरच्या कितीतरी जणांना तिने 'काळजी करू नका' म्हटलं होतं. तिला तसं कुणी म्हणेना, कारण तिला सगळं कळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी.

नवरा कामावरून धावत आला. "तू तर तिथेच होतीस ना?" त्याने विचारलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरंच उलगडा होत नव्हता.

बऱ्याच वेळाने सर्जन बाहेर आले. आतड्याचा जोड सुटला होता, सगळं पोट धुवावं लागलं. "वाचतील असं वाटतंय," ते म्हणाले. "रात्रीपर्यंत थांबलो असतो, तर मात्र कठीण होतं." नवरा तोंड झाकून हुंदके द्यायला लागला. भागूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. मग तिच्या मनात आलं, चिमणीने हेच आणखी कुणाकुणाला सांगितलं असेल? हात तसाच थांबला. ती वॉर्डाकडे जवळजवळ पळतच निघाली.

दाराजवळच्या खाटेवर शिवणकाम करणारी एक बाई होती. तिचंही पोटाचं ऑपरेशन झालेलं. स्वभावाने गरीब, आल्यापासून तिचा आकडा एकच्या वर गेला नव्हता.

"बाई, जरा खोकून दाखवता?" भागूबाई म्हणाली.

बाईने पलीकडे उभ्या असलेल्या चिमणीकडे पाहिलं, मग भागूबाईच्या रडवेल्या तोंडाकडे. "एकच आहे हो, सिस्टर," ती समजूत घातल्यासारखं हसून म्हणाली. "तुम्ही नका काळजी करू."

आणि ती खोकली नाही.