मायच्या कंबरेवरचं ठिगळ

मायच्या जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून मी तिचं चित्र शिवते आहे. आज सुई कंबरेवरच्या हिरव्या ठिगळापाशी आली आणि मला आमची बोदलकसा तलावाजवळची भाताची बांधी दिसली.

नऊ वर्षांची असेन. रोवणा चालला होता, मी चहाची किटली घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होते. चिखलात भाताची रोपं लावत बाया वाकून मागं मागं सरकत होत्या. चेहरा एकीचाही दिसेना, नुसत्या पाठी. मायला मी त्या हिरव्या ठिगळावरून ओळखलं.

"माय, इकडं पाह्य ना!"

"काऊन बोंबलून राहिली? किटली धुऱ्यावर ठेव. मी थांबली त सारी रांग थांबते."

तिनं मान वर केली नाही. तेव्हा मला रागच आला होता. दोरी न बांधता तिची ओळ सरळ यायची आणि बाकीच्या तिची ओळ पाहून रोवायच्या, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून चित्रात मी तिची वाकलेली पाठच घेतली. ठिगळ मात्र उसवलं नाही. ते तिनंच लावलेलं. अख्ख्या चित्रात तेवढेच टाके सरळ आहेत.