राउटरच्या यादीतली माणसं

आमच्या धंद्यात किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. नेट चालू असलं की आमच्याकडे कोणी बघत नाही, आणि बंद पडलं की लोक जे बोलतात ते किस्सा होण्याच्याच लायकीचं असतं! इतक्या वर्षांत "इरफानभाई, आज नेट झकास चालू आहे बरं का" असा फोन मला एकदाही आलेला नाही. त्यामुळे सांगायला पुष्कळ साठलंय, ऐकायला माणूस मिळत नाही. तुम्ही बसलाच आहात, तर घ्या.

यवतमाळला एका जिनिंगवाल्यांकडे मी नेटवर्क सांभाळायचो. कापसातली सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या, हा त्यांचा धंदा. हेड ऑफिस यवतमाळात, जिनिंग आर्णीला आणि राळेगावला. कापसाचे दिवस वाईट होते. अळी पडायची, नाहीतर भाव पडायचा; लोक सोयाबीनकडे वळत होते. नेमक्या अशा वेळी शेठजींनी कॉम्प्युटर, कॅमेरे, राउटर असं सगळं आणलं. आणि ते सांभाळायला माणूस एक. मी.

*

पहिल्याच आठवड्यात मॅनेजर गावंडेसाहेबांनी बोलावलं. "हे व्हीलॅन व्हीलॅन काय लावलं बे तू?"

अब्बांचं दारव्ह्याला जीपचं गॅरेज होतं, त्यामुळे मला उदाहरणं जीपचीच सुचतात. म्हटलं, "साहेब, व्हीलॅन म्हणजे असं, की एकाच जीपमध्ये अकाउंटवाले, वजनकाट्यावरचे आणि कॅमेरेवाले बसलेत, पण त्यांचा आपसात अबोला आहे. बोलायचंच झालं तर ड्रायव्हरमार्फत. तो ड्रायव्हर म्हणजे राउटर. कोणाचा निरोप कोणाला द्यायचा, कोणाचा नाही, याची चिठ्ठी त्याच्या खिशात असते. ती ॲक्सेस लिस्ट."

"मंग तू ड्रायव्हर?"

"नाही साहेब, जीप बंद पडली की मागून धक्का मारतो, तो मी!"

साहेब म्हणाले, "म्हणजे तुले आत जागाच नाही!"

*

या यादीची एक खोड आहे. शेवटी एक न दिसणारी ओळ असते: वर ज्याचं नाव नाही, त्याला मनाई. कागदावर ती लिहिलेली नसते, पण असते!

मला हे पुस्तकातून माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. यवतमाळात बसून मी राळेगावच्या राउटरवर पहिली यादी चढवली. काट्याच्या कॉम्प्युटरला इंटरनेटची मनाई, एवढी एकच ओळ. बाकीच्यांना परवानगी द्यायची राहून गेली. एंटर दाबलं आणि राळेगाव गप्प. काटा गप्प, कॅमेरे गप्प, आणि मी जिथून काम करत होतो तो रस्ताही गप्प. मीच मला बाहेर काढलं होतं!

एसटीनं राळेगावला गेलो. गेटवर दौलतभाऊ, तिथले चौकीदार. साठीचा माणूस, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला.

"काय झालं साहेब?"

"दार लावून घेतलं अन् किल्ली आत राहिली."

"मंग खिडकीतून घुसा ना!"

राउटरला खरंच तशी एक खिडकी असते. जवळ बसून, निळी वायर लावून आत शिरायचं. मी शिरलो, यादी नीट केली आणि चहा प्यालो. तेव्हापासून दुरून काम करताना मी आधी राउटरला सांगून ठेवतो, दहा मिनिटांत माझा काही निरोप आला नाही तर स्वतःहून बंद होऊन जुन्या यादीवर चालू हो. माणसांना असं सांगून ठेवायची सोय नाही.

*

अकाउंटला वंदनाताई होत्या. एक दिवस त्यांचा फोन. "सर, प्रिंटर माह्यावर रुसला."

प्रिंटर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये होता. मी यादीत ओळ टाकली, वंदनाताईंच्या कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलू द्या. तरी प्रिंट येईना. पुन्हा तपासलं, ओळ बरोबर. वायर बदलली, प्रिंटर उघडून झाडला. तीन दिवस त्या बिचाऱ्या पेनड्राइव्ह घेऊन जिना उतरत-चढत होत्या.

चौथ्या दिवशी माझ्यामागे उभ्या राहून म्हणाल्या, "पाहू द्या, माही ओळ कोठी आहे?"

दाखवली. सगळ्यात खाली.

"अन् ही वरची?"

"ती मनाईची. अकाउंटवाल्यांपैकी कोणीही तिकडे जायचं नाही."

"हे वरून खाली वाचते ना? मंग माह्यापर्यंत येतेच कायले?"

मी गार! ओळ मनाईच्या वर नेली, प्रिंटर लगेच घरघरला.

"ताई, तुम्हाला हे कसं कळलं?"

"आमचे बाबा कापसाची बैलबंडी घेऊन तीन दिवस रांगेत उभे होते सर. नंबर आला तवा आतल्यानं पाटी फिरवली, खरेदी बंद." प्रिंट उचलता उचलता म्हणाल्या, "रांगेत असणं वेगळं अन् नंबर लागणं वेगळं!"

*

ॲक्सेस लिस्टमध्ये प्रत्येक ओळीसमोर आकडा असतो. त्या ओळीवरून जितके निरोप गेले तितका. काम नसलं की मी ते आकडे बघत बसायचो. हा वाढला, म्हणजे वंदनाताईंनी प्रिंट काढली. तो वाढला, म्हणजे आर्णीला कापसाची बैलबंडी काट्यावर चढली. सगळे काय करून राहिलेत ते मला कळायचं. मी काय करतो ते कोणाला कळायचं कारण नव्हतं.

एका दिवाळीला सगळे सुट्टीवर. मला कुठली दिवाळी, म्हणून ड्युटी माझी. दुपारी बघतो, तर राळेगावच्या एका ओळीचा आकडा वाढतोय. एक... अजून एक. मला काय आनंद झाला! कोणीतरी कामावर आहे! लगेच तिथल्या ऑफिसला फोन लावला. दौलतभाऊंनी उचलला.

"दौलतभाऊ, ऑफिसात कोण आहे?"

"कोनी नाही साहेब. कॉम्प्युटर चालू राह्यला वाटते."

"नीट बघा, कोणीतरी असेल."

"कोनीच नाही. मीच हावो."

"मग तुम्ही कोणी नाही का?"

दौलतभाऊ मोठ्यांदा हसले. "मले कोन मोजते साहेब!"

*

मग आर्णीचं जिनिंग बंद झालं. काट्यावरचा राठोड शनिवारी किल्ल्या जमा करायला हेड ऑफिसला आला. जाताना माझ्या खोलीत डोकावला. "इरफानभाई, यात मी कुठं आहो?"

मी यादीतली त्याच्या काट्याची ओळ दाखवली.

"काढून टाका मग. उगा कायले ठेवता?"

त्याच्यासमोरच काढली. राउटरनं 'नक्की ना?' असंही विचारलं नाही. राठोडनं हात मिळवला आणि गेला.

आता गंमत अशी, की आमच्या त्या जुन्या राउटरवर एक ओळ काढायला गेलं की अख्खी यादीच उडायची! आणि यादीच नसली की ड्रायव्हर सगळ्यांचे निरोप सगळ्यांना देतो. मला हे कळलं मंगळवारी. तीन दिवस कोणालाही कोणाशीही बोलता येत होतं, आणि एकाचीही तक्रार नव्हती.

वंदनाताईंना म्हटलं, "तीन दिवस सगळी दारं सताड उघडी होती. काही जाणवलं नाही?"

त्यांनी रिकाम्या टेबलांवरून नजर फिरवली. "उघडी होती, पन कोनासाठी सर?"

*

शेवटी राहिलं राळेगाव. तिथली मशीनही थांबली होती. विकायला काढली होती, म्हणून बघायला येणाऱ्यांसाठी दौलतभाऊ तेवढे ठेवले होते. त्या महिन्यात त्यांच्याकडून दोनदा फोन आला, नेट गेलं. दोन्ही वेळा मी एसटीनं गेलो. दोन्ही वेळा राउटरची वायर निघालेली. "उंदीर असन," दौलतभाऊ म्हणाले. वायर खोचली, चहा झाला, दोन तास गप्पा झाल्या, परत आलो.

मग शेठजींच्या सांगण्यावरून मी नेटवरून चालणारे फोन बसवले. एक यवतमाळला माझ्या टेबलावर, एक राळेगावला. पहिल्याच दिवशी दुपारी दौलतभाऊंचा मोबाइलवरून फोन. "साहेब, डब्बा मुका हाय. घंटी वाजते, आवाज नाही."

म्हटलं, "मी त्या फोनवर कॉल लावतो. उचला आणि ठेवू नका, काहीही बोलत राहा. मी यादीत बघतो कुठं अडतंय ते."

लावला. त्यांनी उचलला. मला त्यांचा आवाज स्वच्छ येत होता, माझा त्यांना जात नव्हता. एक बाजू उघडी, दुसरीला मनाई. चूक माझीच, ओळ मी एकाच बाजूची लिहिली होती.

"हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन, चार..." वीसपर्यंत गेले आणि थांबले. मग म्हणाले, "बोलत राहा म्हन्ते. काय बोलू? आयकून कोन राह्यलं?"

मी दुसऱ्या बाजूची ओळ टाइप करत होतो.

"बुढी पोरीकडं गेली पुन्याले, पोळ्याच्या आधी. नातवाले सांभाळते. येतो म्हन्ली होती... इथं पन्नास बाया राहे साहेब. कापूस निवडे, गाने म्हने. कटकट वाटे मले. आता मशीनीले तेल देतो रोज. पट्टा फिरत नाही, तरी देतो. आवाज येत नाही त झोप लागत नाही."

ओळ तयार होती. फक्त एंटर दाबायचं होतं.

"अन् वायर उंदरानं नाही काढली. मीच काढली. दोन्ही खेपेले. तुमी येता, बसता, चहा पेता. म्हून काढली. सांगाव वाटे, पन कसं सांगाव?"

माझं बोट एंटरवर होतं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. ते बोलत होते, अधूनमधून थांबत होते, तेव्हा मागे पारवे घुमत असलेले ऐकू येत होते.

मग दाबलं.

"दौलतभाऊ, येतो का आवाज?"

पलीकडे रिसीव्हर खडखडला. मग, "आला. कवापासून आयकून राह्यले साहेब?"

"आत्ताच सुरू झालं."

"आत्ताच?"

"आत्ताच."

दौलतभाऊंनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "मंग पह्यलेपासून सांगतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. वायरीचं तेवढं सोडून.